टायर किती चालेल? झीज मोजण्याच्या प्रयोगशाळेतील पद्धती आणि आपला ट्रॅक्टर

(ऊस वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बियाणे घेताना आपण पिशवीवरची उगवणशक्ती वाचतो. खताच्या गोणीवरचे नत्र, स्फुरद, पालाशचे आकडे पाहतो. मात्र ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची जोडी घेताना, किंवा ट्रॉलीचे टायर रिमोल्ड करून घेताना, दुकानदार "पाच वर्षे हलणार नाही" म्हणाला की आपण पैसे मोजतो. हा अंदाज त्याने कशावरून बांधला हे आपण विचारत नाही. टायर किती चालेल याचा अंदाज प्रयोगशाळेत कसा काढतात, त्या आकड्यांवर कुठवर विश्वास ठेवावा आणि त्यांतून आपल्या गाडीसाठी काय घ्यावे, एवढाच आजचा विषय आहे. ऊस वाहतुकीच्या हंगामात गुळगुळीत झालेल्या टायरवर भरलेली ट्रॉली उतारावरून आणणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्यांना मी सांगावयास नको.

प्रथम झीज म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की चाक फिरले की टायर झिजतो. हे अर्धेच खरे आहे. चाक न घसरता नुसते लोळत गेले तर झीज फारच थोडी होते. रबर जमिनीला टेकलेले असताना जेवढे घसरते तेवढे झिजते. ब्रेक लावताना, ओढ घेताना आणि वळताना हे घसरणे होते. सरळ रस्त्यावरही चाक किंचित तिरपे बसलेले असेल तर ते होतच असते. डोळ्यांना ते दिसत नाही, कारण शंभर मीटरमागे ते काही सेंटिमीटरच असते. आपल्याकडील डनलॉप बैलगाडीचा टायर वर्षानुवर्षे टिकतो तो याचमुळे. बैल ओढतात आणि चाक नुसते मागे लोळत जाते. त्याच गाडीचा आस वाकला की एका बाजूचा टायर वर्षभरात गोटा होतो.

इंग्लंडमधील वेल्विन गार्डन सिटी येथे रबर उत्पादकांची एक संशोधन संस्था होती. तेथे अॅडॉल्फ शालामाख या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास रबराच्या झिजेचा पुष्कळ अभ्यास केला. रबर एकाच दिशेने घासले गेले की त्याच्या पृष्ठावर घासण्याच्या दिशेला आडव्या बारीक लाटा उठतात, हे त्याने सविस्तर मांडले. लाटेचा शेंडा वाकतो, मुळाशी ताणला जातो, तेथे चीर पडते आणि कण सुटतो. हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. डांबरी रस्त्यावर बराच चाललेल्या टायरवरून तळहात पुढे फिरवा आणि मग मागे फिरवा. एका बाजूने हात गुळगुळीत जातो, दुसऱ्या बाजूने करवतीच्या दात्यांसारखा अडतो. रबर कोणत्या दिशेने घासले जात आहे ते त्यावरून कळते. पुढच्या टायरवर हा अडथळा आडवा, म्हणजे बाहेरून आत किंवा आतून बाहेर जाणवला तर चाकांची जुळणी बिघडली आहे असे समजावे.

आता प्रयोगशाळेकडे वळू. सर्वांत जास्त वापरात असलेली चाचणी मूळची जर्मन आहे. तिला डीआयएन घर्षण चाचणी म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानकात तिचा क्रमांक आयएसओ ४६४९ आहे आणि आपल्या भारतीय मानकात ती आयएस ३४०० च्या तिसऱ्या भागात येते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रबरावर संशोधन करणारी संस्था आहे, तेथेही रबराच्या अशा चाचण्या होतात. यंत्र अगदी साधे असते. १५० मिलिमीटर व्यासाच्या ढोलावर ६० नंबरचा पॉलिश कापडासारखा खरखरीत कागद गुंडाळलेला असतो. टायरच्या रबराची १६ मिलिमीटर जाडीची, खडूएवढी गोल कांडी त्यावर १० न्यूटनच्या, म्हणजे सुमारे एक किलोच्या भाराने टेकवतात. ढोल मिनिटाला ४० फेरे घेतो. कांडी हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा त्याच जागी घासली जात नाही. ४० मीटर घासून झाले की यंत्र थांबवतात. या सगळ्याला दोन मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो.

त्यानंतर कांडीचे वजन करतात. समजा १२० मिलिग्रॅम घट आली. रबराची घनता घन सेंटिमीटरला १.१५ ग्रॅम असेल तर १२० ला १.१५ ने भागून सुमारे १०४ घन मिलिमीटर झीज आली. वजनात न सांगता आकारमानात सांगण्याचे कारण असे की टायरची जाडी कमी होते ती आकारमानाने. जड रबराचा कण तेवढाच असला तरी वजनात जास्त भरतो, आणि मग चांगले रबर उगाच वाईट ठरेल. यानंतर आणखी एक दुरुस्ती करावी लागते. खरखरीत कागद वापराने बोथट होतो. म्हणून ठराविक प्रमाण रबराची कांडी त्याच कागदावर घासून पाहतात. तिची घट २०० मिलिग्रॅम यावी अशी अपेक्षा असते. ती २१० आली तर कागद जास्त धारदार आहे. मग आपला १०४ चा आकडा २०० ने गुणून २१० ने भागावा, म्हणजे ९९ मिळतात. ज्या अहवालात प्रमाण रबराचा उल्लेख नाही, तो अहवाल मी बाजूला ठेवतो.

येथे एक फसगत होते, तीकडे लक्ष द्यावे. काही अहवालांत झीज घन मिलिमीटरमध्ये देतात. तेथे आकडा जितका लहान तितके रबर चांगले. काही अहवालांत झिजेस प्रतिकाराचा निर्देशांक टक्क्यांत देतात. तेथे आकडा जितका मोठा तितके चांगले. दोन विक्रेत्यांचे दोन कागद शेजारी ठेवून नुसते आकडे पाहिले तर निवड नेमकी उलटी होऊ शकते. म्हणून आकड्यापुढचे एकक आधी वाचावे.

या चाचणीचे दोन मोठे गुण आहेत. ती स्वस्त आहे आणि कोठेही केली तरी उत्तर जवळपास सारखे येते. कारखान्यात रोजचा माल कालच्या मालासारखाच आहे ना, हे पाहण्यास ती उत्तम. पण टायर किती किलोमीटर चालेल हे तिच्यावरून सांगता येत नाही. कारण असे की कांडी सबंध वेळ शंभर टक्के घसरत असते, टायर तसा घसरत नाही. ट्रॉलीचे चाक सरळ रस्त्यावर अर्धा टक्का घसरते असे धरले, तर कांडीचे ४० मीटर घासणे ट्रॉलीला ८ किलोमीटर जाताना होईल. शिवाय कागदाचे दाणे टोकदार असतात, ते रबर कापतात. रस्त्यावरची खडी झिजून गोलसर झालेली असते. ती कापत नाही, रबराला पुन्हा पुन्हा ताणून थकवते. ही दोन कामे वेगळी आहेत. दाढीच्या पात्याने कापलेला दोर आणि कप्पीवर घासून तुटलेला दोर जसे वेगळे, तसेच हे.

ही उणीव जाणून संशोधकांनी दुसऱ्या प्रकारची यंत्रे केली. अॅक्रन यंत्रात रबराची छोटी चकती खरखरीत दगडी चाकावर तिरपी टेकवून फिरवतात. तिरपेपणा कमीजास्त करता येतो. लॅम्बोर्न यंत्रात रबराचे चाक आणि घासणारे चाक यांना वेगवेगळा वेग देतात, आणि या दोन वेगांतील फरकाने किती घसरण द्यावयाची ते ठरवतात. शालामाखच्याच परंपरेतील ग्रोश या शास्त्रज्ञाने एलएटी १०० नावाचे यंत्र पुढे आणले. त्यात ८४ मिलिमीटर व्यासाचे भरीव रबरी चाक फिरत्या खरखरीत तबकडीवर चालते आणि भार, वेग व तिरपेपणा हे तिन्ही बदलता येतात. तबकडीवर बारीक भुकटी सोडत राहतात. ती सोडली नाही तर गरम झालेले रबर चिकट होऊन तबकडीला माखते आणि झीज खोटी कमी दिसते. या यंत्राचा खरा फायदा असा की ते एका आकड्यावर थांबत नाही. हळू चालणे, जोरात चालणे, थोडे घसरणे, जास्त घसरणे, अशा अनेक स्थितींत तेच रबर कसे वागते याचा तक्ता मिळतो.

या तक्त्यांतून जे दिसले ते आपल्या फार कामाचे आहे. एका स्थितीत पहिले आलेले रबर दुसऱ्या स्थितीत दुसरे येते. मोटारीच्या टायरबाबत हे जुने निरीक्षण आहे. थंड हवेत आणि सौम्य वापरात नैसर्गिक रबर कमी झिजते, तर रस्ता तापलेला असला आणि वापर कडक असला की एसबीआर नावाचे कृत्रिम रबर सरस ठरते. पॉलिब्युटाडाईन नावाचे आणखी एक रबर आहे. घासण्याच्या चाचणीत त्याचा आकडा फार चांगला येतो, म्हणून टायरच्या मिश्रणात ते घालतात. परंतु त्याचे प्रमाण वाढले की रबर काप व टवके यांना लवकर बळी पडते.

आता विचार करा, आपल्या शेतात टायर कशाने खराब होतो? तूर किंवा कापूस काढलेल्या रानात तुराटी-पऱ्हाटीची धसकटे तिरपी कापलेली, खिळ्यासारखी उभी असतात. नदीकाठच्या आणि मुरमाड रानात दगडाच्या कपच्या असतात. तेथे रबर घासून झिजत नाही. त्याला काप जातो आणि मग टवका निघतो. यासाठी वेगळे यंत्र असते. त्यात फिरत्या रबरी चाकावर कठीण पाते ठराविक वेळाने आपटते आणि किती टवके निघाले ते मोजतात. ज्याचा ट्रॅक्टर वर्षातून आठ महिने रानात असतो, त्याने घर्षणाच्या आकड्यापेक्षा काप-टवक्याच्या चाचणीबद्दल विचारलेले बरे. ज्याचा ट्रॅक्टर सबंध हंगाम डांबरी रस्त्यावर ऊस ओढतो, त्याने घर्षणाचा आकडा पाहावा. दोन्ही बाबतींत अव्वल असलेले रबर मला अजून कोणी दाखवलेले नाही.

तुम्ही म्हणाल, मग सरळ रस्त्यावर चालवूनच का पाहत नाहीत? तसेही करतात. अमेरिकेत मोटारीच्या टायरवर झिजेचा अंक छापावा लागतो. त्यासाठी टेक्सास राज्यातील सॅन अँजेलो गावाभोवती सुमारे ६४० किलोमीटरचा ठरलेला रस्ता आहे. त्यावर गाड्यांचा ताफा एकूण साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास चालवतात. ताफ्यात प्रमाण टायर लावलेली गाडीही असते, कारण पाऊस, ऊन आणि रस्त्याचा खरखरीतपणा रोज बदलतो. प्रमाण टायरशी तुलना करून अंक देतात. २०० चा टायर १०० च्या टायरपेक्षा त्या रस्त्यावर दुप्पट चालावा, एवढाच त्याचा अर्थ. इतका खर्च करूनही किलोमीटरचे वचन कोणी देत नाही. हा अंक मोटारीच्या टायरसाठी आहे, ट्रॅक्टरच्या टायरवर तो शोधू नये. युरोपात आता दुसऱ्याच कारणाने झीज मोजू लागले आहेत. टायरचे झिजलेले कण माती-पाण्यात जातात, म्हणून २०२४ साली तेथे मोटारीच्या टायरच्या झिजेलाच मर्यादा घालणारे नियम झाले. त्यासाठी रस्त्यावरील ताफा किंवा प्रयोगशाळेतील मोठा ढोल, अशा दोन्ही पद्धती मान्य केल्या आहेत.

ट्रॅक्टरपुरते बोलायचे तर मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची यंत्र चाचणी संस्था आहे. तेथे ट्रॅक्टरची ओढशक्ती मोजतात. ओढशक्तीच्या अशा चाचण्यांत टायरच्या पट्ट्यांची उंची नव्या टायरच्या ६५ टक्क्यांहून कमी असून चालत नाही, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तिरक्या उभ्या पट्ट्यांना आपण लग म्हणतो, त्यांची ही उंची. याचा अर्थ असा की ज्या ओढशक्तीचा आकडा पाहून आपण ट्रॅक्टर घेतला, तो आकडा उंच लगांवर मिळालेला आहे. लग निम्मे झाले की ओल्या काळ्या रानात तेवढी ओढ मिळणार नाही.

आता प्रयोगशाळेतील सर्वांत उपयोगी निष्कर्ष सांगतो. चाक थोडेच तिरपे असताना तिरपेपणा दुप्पट केला की झीज दुप्पट न होता सुमारे चौपट होते. तिप्पट केला तर नऊपटीच्या आसपास जाते. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना लागू करून पाहू. पुढची चाके समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली असतात, त्यास टो-इन म्हणतात. समजा टाय रॉड वाकला आणि हा फरक ठरल्यापेक्षा १२ मिलिमीटरने वाढला. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला ६ मिलिमीटर. पुढच्या टायरचा व्यास ७३० मिलिमीटर धरला तर प्रत्येक किलोमीटरला ते चाक सुमारे ८ मीटर बाजूला ओढले जाते. पाच किलोमीटरांत ४० मीटर झाले. सगळेच काही घासण्यात जात नाही, काही भाग रबर वाकून सोसते. तरीही कारखाना वीस किलोमीटरवर असेल आणि रोज दोन खेपा होत असतील, तर हिशेब तुम्हीच करावा. टो-इन पाहण्यास खर्च नाही. दोन्ही चाकांच्या मध्यरेषांतील अंतर आसाच्या उंचीवर समोर आणि मागे दोरीने मोजावे. दोन्ही मापांतील फरक ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाशी ताडून पाहावा.

चारही चाकांना ओढ देणारे ट्रॅक्टर आता गावोगावी आले आहेत. त्यांत पुढची चाके मागच्यांपेक्षा दोन-चार टक्के जास्त वेगाने फिरावीत अशी गिअरची रचना असते. मऊ रानात ते योग्य आहे, माती हा फरक सामावून घेते. परंतु डांबरी रस्त्यावर पुढची ओढ चालू ठेवली तर तुम्ही आपल्या पैशाने लॅम्बोर्न यंत्र चालवत आहात. दोन चाके, दोन वेग आणि मध्ये घासणारे रबर. फरक ३ टक्के असेल तर किलोमीटरला ३० मीटरची ओढाताण पुढच्या आणि मागच्या टायरना मिळून सोसावी लागते. रस्त्याला लागताच पुढची ओढ बंद करावी. ड्रायव्हर दुसरा असेल तर त्याला हे समजावून सांगावे, नुसते दटावून उपयोग होत नाही.

मागच्या चाकांची रानातील घसर तुम्हाला स्वतः मोजता येते. चाकाच्या कडेवर चुन्याची खूण करावी. अवजार उचलून त्याच रानात चाकाचे दहा फेरे चालवावे आणि अंतर मोजावे. समजा ३९ मीटर आले. मग नांगर खाली सोडून, नेहमीच्या खोलीवर, पुन्हा दहा फेरे चालवावे. समजा ३३ मीटर आले. फरक ६ मीटर, त्याला ३९ ने भागून शंभरने गुणले की १५ टक्क्यांच्या थोडी वर घसर निघाली. रानात साधारण ८ ते १५ टक्के घसर योग्य समजतात. २० च्या पुढे गेली तर डिझेल आणि रबर दोन्ही वाया जात आहे. अशा वेळी चाकांवर वजन वाढवावे, किंवा नांगराची खोली अथवा रुंदी कमी करावी. घसर ५ टक्क्यांच्याही खाली असेल तर ट्रॅक्टर विनाकारण जड झाला आहे. मग चाकातील पाणी किंवा लोखंडी वजने कमी करावीत, नाहीतर रान दबते.

रिमोल्ड करणाऱ्यांसाठी थोडेसे. तुमचा जुना सांगाडा चांगला असेल तर रिमोल्ड करणे हा वाईट व्यवहार नाही. फक्त चढवले जाणारे रबर कोणते, त्याची झीज किती आणि कोणत्या मानकाने मोजली, त्याचा कठीणपणा किती, हे बिलावर लिहून मागावे. कठीणपणा जास्त म्हणजे झीज कमी, असे समजू नये. जुने वाळलेले रबरही कठीण असते. प्रयोगशाळेत यासाठी रबर गरम भट्टीत ठराविक तास ठेवतात आणि मग पुन्हा सर्व मापे घेतात. आपली ट्रॉली हंगाम संपल्यावर सहा महिने उन्हात उभी असते, तीही एक भट्टीच आहे. झिजण्याआधीच त्या टायरच्या बगला चिरतात. तेव्हा ट्रॉली सावलीत, ठोकळ्यांवर उचलून ठेवावी.

शेवटी, स्वतःच्या टायरची नोंद ठेवण्याची पद्धत. एक चपटी पट्टी आणि एक बारीक खिळा घ्यावा. पट्टी शेजारच्या दोन लगांवर आडवी ठेवून मध्यभागी खिळा खाली टेकेपर्यंत सोडावा आणि उंची मोजावी. चाकाच्या परिघावर चार ठिकाणी खडूने खुणा करून दर वेळी तेथेच मोजावे आणि सरासरी काढावी. तासमापकाचा आकडा शेजारी लिहावा. समजा ऊस हंगामाच्या सुरुवातीस २८ मिलिमीटर उंची होती आणि ४०० तासांनंतर २४ राहिली. म्हणजे वाहतुकीत १०० तासांना १ मिलिमीटर गेला. पुढे पेरणी-नांगरटीच्या ४०० तासांची नोंद वेगळी ठेवावी. या दोन नोंदींची बेरीज करून एकच सरासरी काढू नये, कारण रानातील आणि रस्त्यावरील झीज निराळी आहे. आणखी एक गोष्ट. कोऱ्या टायरचे लग उंच असल्याने रस्त्यावर जास्त डुलतात आणि म्हणून सुरुवातीस जास्त झिजतात. पुढे लग बुटके झाले की झिजेचा वेग कमी होतो. तेव्हा पहिल्या शंभर तासांची झीज गुणून टायरचे आयुष्य काढले तर ते खऱ्यापेक्षा कमी दिसेल आणि दुकानदाराशी विनाकारण भांडण होईल. निदान एक हंगाम जाऊ द्यावा. दोन शेजाऱ्यांनी दोन वेगळ्या मेकचे टायर घेऊन, एकाच रस्त्यावर, सारखीच हवा ठेवून ही नोंद केली, तर आपल्या भागापुरती सॅन अँजेलोचीच चाचणी झाली. अशा वह्या कोणी घेऊन आल्यास आम्ही त्या पाहून हिशेब तपासून देऊ.